कर्जात भरायचे की हाताशी ठेवायचे: एका घराचा ‘घरमहिन्यां’तला हिशेब

नवरा ४३ वर्षांचा, बायको ३९ ची. मुलगी १३, मुलगा ८. नवऱ्याची आई ७१ वर्षांची, त्यांच्याबरोबरच राहते. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. माझ्याकडे आले ते एका वादाचा निकाल लावून घ्यायला. बँकेत साठलेले पैसे गृहकर्जात भरून मोकळं व्हायचं, हे त्याचं म्हणणं. पाच वर्षांनी मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा कुणापुढे हात पसरायचे, हा तिचा सवाल. दोन महिने घरात हा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

त्याने कर्जाचं स्टेटमेंट आणलं होतं. व्याजाच्या रकान्याखाली लाल पेनाने रेघा मारलेल्या. गेल्या महिन्याच्या हप्त्यातला ६४ टक्के भाग व्याजात गेला होता. “म्हणजे आम्ही बँकेसाठीच राबतोय,” तो म्हणाला. तिने वही आणली होती. बारा महिन्यांचा खर्च तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि काही खर्चांपुढे बारीक अक्षरात ‘हा धरायचा नाही’ अशी नोंद होती. शाळेची वर्षाची फी, गाडीचा विमा, टायर, गिझर बदलला तो खर्च, एका लग्नाला जाऊन येण्याचा खर्च. का धरायचा नाही? “हे काही दर महिन्याला नसतं ना,” ती म्हणाली.

मी सगळ्यात आधी त्याच नोंदींना हात घातला. दर महिन्याला नसतात, पण दर वर्षी असतात. यंदा गिझर, पुढच्या वर्षी फ्रिज. नावं बदलतात, भार तोच राहतो. ‘न धरलेले’ खर्च मिळवून बाराने भागलं तेव्हा महिन्याचा खरा खर्च त्यांच्या समजुतीच्या सव्वापट निघाला. त्यांच्या हिशेबात सांगायचं तर या घराचं वर्ष १५ महिन्यांचं होतं.

इथून पुढे रकमा सांगत नाही. मी घरांचे हिशेब रकमेत करणं बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं. कर्जाचा हप्ता वगळून घर चालवायला महिन्याला खरोखर जेवढा पैसा लागतो, त्याला मी एक ‘घरमहिना’ म्हणते आणि घरातली प्रत्येक रक्कम त्याने मोजते. मोठ्या आकड्यांनी माणूस उगाच हुरळतो किंवा उगाच धास्तावतो. घरमहिना मात्र सरळ सांगतो की या पैशावर घर किती दिवस चालेल.

या घराचं चित्र असं होतं. मिळकत १.९ घरमहिने: त्याची १.३, तिची ०.६. घरखर्च १. गृहकर्जाचा हप्ता ०.५. गाडीच्या कर्जाचा हप्ता ०.१. शिल्लक ०.३. बचत खातं आणि मुदत ठेवी मिळून १६. पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या निवृत्ती निधीत त्याचे ४०, तिचे ८. गृहकर्ज बाकी ४८, व्याज सालाना ८ टक्के, म्हणजे अजून जवळजवळ १५४ हप्ते. गाडीचं कर्ज बाकी दीड, पण त्याचा व्याजदर १४ टक्के.

ठेवींबद्दल तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, “वीस महिन्यांचा खर्च बाजूला आहे आमच्याकडे.” सव्वापटीची दुरुस्ती केल्यावर ते १६ झाले. आणि दोन्ही पगार थांबले तर हप्तेही त्यातूनच भरायचे, म्हणजे महिन्याला १.६ जाणार, मग राहिले १०. पैसे होते तेवढेच होते. विसाचे दहा झाले ते फक्त नीट मोजल्यामुळे.

पहिल्या बैठकीत मी एक चूक केली. तो व्याजाबद्दल बोलत होता म्हणून मीही व्याजाबद्दलच बोलत राहिले. कर्जाचा दर ८, ठेवीचा ६, तेव्हा कर्ज फेडणं फायद्याचं, वगैरे. त्यात खोटं काही नव्हतं. १६ पैकी १४ कर्जात भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला तर १५४ ऐवजी ९१ हप्त्यांत कर्ज संपतं. ६३ हप्ते वाचतात, प्रत्येकी अर्ध्या घरमहिन्याचे. १४ भरून साडेएकतीस वाचवायचे. असा आकडा समोर आला की बायकोकडे बोलायला काही उरत नाही, आणि त्या दिवशी खरंच उरलं नाही. ती गप्प बसून वहीचं पान दुमडत राहिली.

दुसऱ्या बैठकीत मी त्याला वेगळा प्रश्न विचारला. कर्ज तर सात वर्षांपासून आहे, मग आत्ताच का खुपायला लागलं? बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, कंपनीत पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांना काढायला लागलेत. यंदा त्याच्या विभागातले दोन जण गेले. पुढच्या दोन-तीन वर्षांत आपलाही नंबर लागेल असं त्याला वाटत होतं. बायकोला हे माहीत नव्हतं. तिने हातातली वही मिटली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

सगळं प्रकरण इथे उलटं फिरलं. त्याला भीती नोकरीची होती आणि औषध तो कर्जावर शोधत होता. त्यातही हे औषध नेमकी तीच भीती वाढवणारं होतं. आगाऊ भरलेला पैसा कर्जाचं शेपूट कापतो, तोंड नाही. १४ भरले तरी पुढच्या महिन्याचा हप्ता अर्धाच राहतो. त्याची नोकरी गेली तर तिच्या ०.६ वर घर चालवायचं आणि जायचे १.६, म्हणजे दर महिन्याला पुरा एक घरमहिना तूट. आजच्या ठेवी हातात असतील तर घर १६ महिने तग धरेल. १४ कर्जात गेलेले असतील तर २ महिने. नोकरी गेल्यावर भरलेले पैसे परत मागायला बँकेत गेलात तर ते मिळत नाहीत, आणि ज्याला पगार नाही त्याला नवं कर्जही कुणी देत नाही.

काही जण म्हणतील, मुदत कमी करण्याऐवजी हप्ताच कमी करून घ्यावा. तोही हिशेब मांडला. हप्ता ०.३५ वर येतो, महिन्याची तूट ०.८५ वर. पण हातात दोनच घरमहिने उरलेले असताना अडीच महिनेसुद्धा निघत नाहीत.

आता त्या साडेएकतीसच्या आकड्याकडे वळते. बहुतेक घरं फसतात ती इथे. हप्ता ठरावीक रकमेचा असतो, घरखर्च मात्र वाढत जातो. ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागलं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते कळतं. हा आडाखा लुका पाचोली या इटालियन गणित्याने १४९४ सालीच छापून ठेवलाय. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांनी घरखर्च दुप्पट. म्हणजे आज अर्ध्या घरमहिन्याचा वाटणारा हप्ता १२ वर्षांनी पाव घरमहिन्याचा असेल. पगार महागाईबरोबर वाढत राहिला तर कर्जाचे शेवटचे हप्ते सगळ्यात हलके असतात, आणि आगाऊ भरणा कापतो ते नेमके हेच हप्ते. जड हप्ते आपल्याच वाट्याला राहतात. वाचणाऱ्या त्या ६३ हप्त्यांचं वजन ज्या त्या वर्षाच्या घरखर्चात मोजलं तर ते साडेएकतीस भरत नाही, साधारण साडेसतरा भरतं. तिकडे ६ टक्क्यांच्या ठेवीतले १४ घरमहिने महागाईबरोबर वाढून १४ च राहतात. म्हणजे खरा फायदा साडेतीन घरमहिन्यांचा. ठेवीच्या व्याजावर कर लागत असेल तर ठेव थोडी झिजते आणि फायदा पाचाच्या आसपास जातो. फायदा आहेच, मी नाकारत नाही. पण त्यासाठी १४ घरमहिन्यांचा श्वास गहाण ठेवायचा, तोही नोकरीची शाश्वती नसताना, हे मला पटत नाही.

मी हे कागदावर मांडत असताना तो मला अडवत नव्हता. त्याने पेन घेतलं आणि स्वतः पुन्हा हिशेब करून पाहिला. त्याचा आकडा माझ्यापेक्षा थोडा वेगळा आला, कारण त्याने महागाई ५ टक्के धरली. चालेल, म्हटलं. महागाई कमी धरली तर त्याचा फायदा वाढतो, हेही त्यानेच बोलून दाखवलं. मग म्हणाला, “पण नोकरी गेली तर दोनच महिने, हे उत्तर महागाई ५ धरा की ६, तेच राहतं.”

तिसऱ्या बैठकीला मी आजींनाही बोलावलं. ज्या घरात तीन पिढ्या एका घरमहिन्यावर जगतात तिथे तिसरी पिढी हिशेबाबाहेर ठेवून चालत नाही. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला विचारलं, “माझ्या आजारपणाचे पैसे तू यात कुठे धरलेस?” कुठेच धरले नव्हते. त्यांच्या वयाला आरोग्य विमा मिळणं अवघड होतं, आणि मिळत होता तो आधीपासूनच्या दुखण्यांना लागू नव्हता. सून म्हणाली, “आई, आम्हाला ते बोलायचं धाडस झालं नाही.” आजी म्हणाल्या, “मग मीच बोलते.”

ठरलं ते असं. बचत खात्यातले दीड घरमहिने देऊन गाडीचं कर्ज त्याच आठवड्यात मिटवलं. तिथे फारसा विचारच करायचा नव्हता: १४ टक्क्यांचं कर्ज आणि ६ टक्क्यांची ठेव एकाच घरात शेजारी ठेवायची नसते. महिन्याची शिल्लक ०.३ ची ०.४ झाली आणि नोकरी गेल्यावरची तूट १ वरून ०.९ वर आली. राहिलेल्या साडेचौदांतून ७.२ घरमहिन्यांची गंगाजळी, म्हणजे आठ महिन्यांची तूट भरून निघेल एवढी. आठच का? त्याच्या क्षेत्रात त्याच्या वयाच्या माणसांना नवी नोकरी मिळायला सहा-सात महिने लागलेले त्याने पाहिले होते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सरसकट सांगितलं जातं. ज्या घरात दोन पगार बरोबरीचे असतात तिथे तेवढंही लागत नाही, आणि एकाच पगारावर उभ्या घराला ते पुरत नाही. या घरात तिची नोकरी गेली असती तर तूट फक्त ०.२ ची होती. त्याची गेली तर ०.९. धोका दोघांचा सारखा नाही.

आजींसाठी ३ घरमहिने वेगळ्या खात्यात, आजी आणि सून यांच्या संयुक्त नावावर. हे आजींनीच सुचवलं.

उरले ४.३. इथे मी माझ्या हिशेबाला थोडी मुरड घातली. २ घरमहिने कर्जात भरायला सांगितले. त्याने जवळजवळ ११ हप्ते कमी होतात. आकड्यांच्या भाषेत याची फारशी गरज नव्हती. पण सात वर्षं दर महिन्याला त्या व्याजाच्या रकान्याकडे बघणाऱ्या माणसाला कर्ज हललेलं दिसणं गरजेचं असतं, नाहीतर तो चार महिन्यांनी बायकोला न सांगता ठेव मोडतो. मी असं होताना पाहिलं आहे. बाकीचे २.३ मुलीच्या नावाने. शिवाय दर महिन्याची शिल्लक, नव्याने घ्यायच्या टर्म विम्याचा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा, ०.०३ चा हप्ता वजा जाता ०.३७, तीही तिच्याच खात्यात. पाच वर्षांत २२ घरमहिने. तिच्या शिक्षणाचा आमचा अंदाज २४ चा होता, तो भरून निघतो. पुढची पाच वर्षं तोच ओघ मुलाकडे.

टर्म विम्याचं सविस्तर सांगायला हवं, कारण आधी या घरात जो विमा होता तो पैसे परत देणाऱ्या पॉलिसींचा होता आणि सगळ्या पॉलिसी मिळून संरक्षण होतं फक्त २० घरमहिन्यांचं. तो उद्या नसला तर काय लागेल? कर्जाची बाकी ४६. दोन मुलांचं शिक्षण ४८. घरखर्च ०.८५ वर येईल, तिची मिळकत ०.६, म्हणजे महिन्याला पाव घरमहिना कमी. मुलगा २३ वर्षांचा होईपर्यंत १५ वर्षांचे ४५. बेरीज १३९. त्यातून २० गेले, राहिले साधारण १२०. त्याचा निवृत्ती निधी मी यात मुद्दाम धरला नाही, तो तिच्या म्हातारपणाला लागेल.

“एवढं संरक्षण आणि हप्ता एवढाच, यात काहीतरी गोम असणार,” तो म्हणाला. गोम नाही, गणित आहे, आणि ते जुनं आहे. एडमंड हॅली, धूमकेतूवाला, याने १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयाची किती माणसं वर्षभरात जातात याचा तक्ता मांडला. तसल्या आकडेमोडीवर स्कॉटलंडमधल्या रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन धर्मोपदेशकांनी १७४४ च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांच्या विधवा आणि मुलांसाठी निधी उभा केला. दर वर्षी सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं, तो पैसा गुंतवायचा, आणि जे गेले त्यांच्या घरांना त्या निधीतून मिळायचं. टर्म विम्याचं मूळ तत्त्व आजही हेच: सगळ्यांनी थोडं भरायचं, गेलेल्या मोजक्यांच्या घरांना मिळायचं. जो जगतो त्याला काही परत मिळत नाही, म्हणूनच हप्ता कमी असतो.

तिच्यासाठीही ८० घरमहिन्यांचा विमा घ्यायला सांगितला, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, “माझा कशाला?” तिचे ०.६ गेले तर दोन्ही मुलांचं शिक्षण ज्या शिलकीतून व्हायचंय ती शिल्लकच जाते, आणि आजींचं औषधपाणी, मुलांचा अभ्यास, घराची सगळी व्यवस्था पैसे देऊन करून घ्यावी लागते. हे कागदावर लिहिल्यावर नवरा म्हणाला, “हा आधी घेऊ.”

निवृत्तीचा हिशेब थोडक्यात सांगते. विल्यम बेन्गेन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून दाखवलं की पहिल्या वर्षी साठ्याच्या ४ टक्के काढले आणि मग महागाईएवढे वाढवत नेले तर साठा ३० वर्षं पुरतो. ४ टक्के म्हणजे २५ वर्षांचा खर्च, ३०० महिने. तिथले आकडे सगळीकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण अंदाजाला खुंटी हवी म्हणून मी हाच आकडा धरते. मुलं मार्गी लागल्यावर यांचा खर्च ०.७, म्हणजे २१० हवेत. आजचे ४८ आणि दर महिन्याला कापले जाणारे ०.२५, महागाईच्या वर २ टक्के वाढ धरली तर त्याच्या साठाव्या वर्षी १२७. तूट ८३. तो निवृत्त होईल तेव्हा ती ५६ ची असेल. तिच्या पुढच्या चार वर्षांच्या पगाराने २९ भरून निघतात. राहिले ५४.

ते हलक्या होत जाणाऱ्या हप्त्यातून यायचे आहेत. हप्ता अर्ध्यावरून पावावर येताना दर वर्षी थोडा थोडा पैसा सुटत जातो आणि कर्ज संपल्यावर पूर्ण अर्धा सुटतो, १७ वर्षांत मिळून जवळपास ४८ घरमहिने. पण हा सुटलेला पैसा दिसत नाही, तो राहणीमानात मुरतो. म्हणून त्यातला निम्मा आधीच बांधून ठेवला: दर पगारवाढीच्या महिन्यात निवृत्तीची गुंतवणूक आपोआप वाढेल अशी सूचना बँकेला देऊन. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात नेमकं हेच करून पाहिलं होतं. आज बचत वाढवा म्हटलं की माणसं नाही म्हणतात, पुढच्या पगारवाढीपासून वाढवू म्हटलं की हो म्हणतात. तिथे ४० महिन्यांत बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. यांचे निम्मे म्हणजे २४, आणि मुलगा कॉलेजात गेल्यावर मोकळ्या होणाऱ्या ०.३७ चे सात वर्षांत ३१. मिळून ५५. बसतं, पण अगदी काठोकाठ. मधे एखादं वर्ष पगाराविना गेलं तर तो दोन वर्षं जास्त काम करेल, असं आम्ही तेव्हाच लिहून ठेवलं.

कागदपत्रांचं काम एका दुपारचं. सगळ्या खात्यांवर वारस नोंद, खात्यांची आणि पॉलिसींची एक यादी, ती कुठे ठेवली आहे हे तिघांनाही माहीत.

वर्षाने ते पुन्हा आले. त्याची नोकरी आहे. घरमहिना ६ टक्क्यांनी महागला, त्यामुळे हप्ता न बदलता ०.५ चा ०.४७ झाला. आजी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यांच्या खात्यातले २.२ घरमहिने गेले. ठेव मोडावी लागली नाही, कुणाकडे मागावं लागलं नाही.

आता वाद वेगळा आहे. आजींचं खाते पुन्हा भरायचं तर सहा महिने मुलीच्या खात्यात काही जाणार नाही. आजींचा त्याला ठाम विरोध. “माझं झालं आता, नातीचं थांबवू नका.” सून म्हणते निम्मं निम्मं करू. आणि ज्याला वर्षापूर्वी सगळा पैसा कर्जात घालायचा होता तो मुलगा माझ्यासमोर बसून आईला समजावत होता की रिकामं खातं म्हणजे पुढच्या वेळी मुलीचेच पैसे काढावे लागतील. त्याने त्यासाठी हिशेब मांडून आणला होता, घरमहिन्यांत. आजींनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि घरी जाऊन नीट वाचते म्हणाल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटायचं ठरलं आहे.